वाळल्या माळावर ड्रोन उडवण्याआधी

फेब्रुवारी लागला की मराठवाड्यातल्या माळांवरची कुसळी पिवळी पडून कडक होते, ज्वारी निघून कडब्याच्या गंज्या लागतात. रान मोकळं दिसतं म्हणून हौशी ड्रोनवाले नेमके याच दिवसांत बाहेर पडतात. ड्रोन कधी ना कधी पडणारच, आणि पडल्यावर त्याच्यामुळे गवताला आग लागू शकते, हे धरूनच चालायचं. मग उडवण्याआधी विचारायचं ते एवढंच: पडलं तर कशावर पडेल, आणि पाणी घेऊन मी तिथे दोन-तीन मिनिटांत पायी पोचेन का? उत्तर नाही असेल तर तिथे उडवू नये. बाकीची सगळी काळजी त्यानंतरची.

आपल्याकडे सर्वांत चांगली जागा म्हणजे नांगरून तापत टाकलेलं काळं रान. ढेकळांत प्रॉपेलर तुटतात, पण जळायला तिथे काही नसतं. मालकाला विचारून जा. आटलेल्या तलावाचं पात्रही चालतं, काठाचं गवत सोडून. गायरान, पाचट पडलेला उसाचा फड, पऱ्हाटीचे ढीग आणि बालाघाटाचे गवताळ उतार टाळा; चढावर आग फार वेगाने सरकते. वारा कुठून कुठे वाहतोय ते पाहा. त्या वाटेवर कुणाची गंजी किंवा सोयाबीनची बनीम असेल तर जागा बदला. ती गंजी म्हणजे कुणाच्या तरी जनावरांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा असतो. मूठभर गवत वाकवून पाहा, कडकन मोडलं तर ते पेटायला तयार आहे. वेळ सकाळची धरा: वारा कमी असतो आणि पडलेलं ड्रोन शोधायला उजेड उरतो. एप्रिल-मेच्या दुपारी वावटळ कधी उठेल सांगता येत नाही.

घडी होणारं कॅमेऱ्याचं ड्रोन आणि घरी जोडलेलं एफपीव्ही (चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवायचं ड्रोन) यांचा धोका सारखा नाही. पहिल्यातली बॅटरी कडक प्लॅस्टिकच्या कवचात असते. एफपीव्हीची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी नुसत्या पातळ वेष्टनात, पट्ट्याने वर बांधलेली असते. 4एस म्हणजे चार सेलच्या, 1500 एमएएचच्या बॅटरी पॅकमध्ये सुमारे 22 वॅट-तास ऊर्जा असते. धोंड्यावर आपटून किंवा फ्रेमचा स्क्रू घुसून आतला पातळ पडदा फाटला की सेल आतच शॉर्ट होतो, तापतो, आणि ज्वलनशील वाफ सोडत पेट घेतो. हे आपटल्या क्षणीच होईल असं नाही. कधी काही मिनिटांनी होतं, कधी त्याहून बरंच उशिरा.

म्हणून पॅकखाली एकही स्क्रू वर आलेला नको. मध्ये सिलिकॉनचा पॅड आणि पट्टे दोन. बॅलन्स लीड, म्हणजे प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक तारांची जुडी, मोकळी लोंबू देऊ नका. प्रॉपने ती कापली की शेजारशेजारच्या दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि ती बारीक तार लाल होईपर्यंत तापते. कार्बनच्या फ्रेममधून वीज वाहते, त्यामुळे मुख्य वायरीचं आवरण फ्रेमच्या कडेला घासून सोललं तर तिथेही शॉर्ट होतो.

आगीचं दुसरं कारण मोटारीत अडकलेलं गवत. कुसळीची काडी मोटारीच्या घंटेखाली (वरच्या फिरत्या टोपणाखाली) गुंडाळली जाते, मोटार फिरत नाही, पण ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट) करंट ढकलतच राहतो. वाइंडिंग जळतं, ईएससीवरचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) फुटतो, ठिणगी थेट गवतात. त्यामुळे जमिनीला टेकताच डिसआर्म, म्हणजे मोटारी बंद, विचार नंतर. उलटं पडलेलं ड्रोन टर्टल मोडने, म्हणजे मोटारी उलट फिरवून, सरळ करायचा मोह गवतात आवरा. चालत जाऊन उचला. रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) ‘होल्ड’वर, म्हणजे शेवटचीच आज्ञा चालू ठेवण्यावर नसावा, सिग्नल तुटल्यावर त्याने आउटपुट बंद केलं पाहिजे. बीटाफ्लाइट या ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळच्या उड्डाणाला ‘ड्रॉप’ (मोटारी बंद करून खाली पाडणं) ठेवा. तपासायला प्रॉप काढून ड्रोन आर्म करा आणि रिमोट बंद करा. मोटारी थांबल्या नाहीत तर त्या दिवशी उडवू नका. व्हिडिओ ट्रान्समीटर वाऱ्याशिवाय तापतो, त्याची ‘लो पॉवर डिसआर्म’ सेटिंग (डिसआर्म असताना कमी ताकद) चालू ठेवा.

ड्रोन सापडलं नाही म्हणून घरी जाणं मला मान्य नाही. गवतात पडलेला फाटका पॅक सोडून जाणं म्हणजे आग मागे ठेवून जाणं. ओएसडीवर (व्हिडिओवर उमटणाऱ्या माहितीत) अक्षांश-रेखांश चालू ठेवा, रेकॉर्डिंगच्या शेवटच्या चित्रात जागा मिळते. स्वतःची बॅटरी असलेला बझर लावाच, कारण पडताना मुख्य पॅक बऱ्याचदा निसटतो. आपटलेला पॅक लगेच काढून तेलाच्या 15 किलोच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी कोरडी वाळू घालून, तोंड उघडं ठेवून, उघड्या मातीवर ठेवा. निदान अर्धा तास नजर ठेवा. गाडीत घालू नका. फुगलेला पॅक पुन्हा उडवायचा नाही. 4एस असेल तर 12 व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये लावून तो उघड्यावर पूर्ण रिकामा करा आणि ई-कचऱ्यात द्या.

सोबत काय न्यायचं? शेतात सगळ्यांकडे असतो तो पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप, स्वच्छ धुऊन, पाण्याने भरून, हवा मारून ठेवलेला. फावडं आणि ओलं पोतं. पॅक पेटला तर वारा पाठीशी घेऊन जवळ जा, धूर विषारी असतो. फावड्याने पॅक उघड्या मातीवर ओढा आणि भरपूर पाणी मारा. पावडरचा सिलेंडर ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही, म्हणून पॅक पुन्हा पेटतो. गवत पेटलं तर आगीच्या तोंडापुढे कधीच उभं राहू नका. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने पुढे सरका. लिंबाच्या ओल्या डहाळीने किंवा पोत्याने दाबत विझवा. उंचावरून झोडपलं तर ठिणग्या उडतात. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या तर मागे हटा, 101 किंवा 112 ला फोन करा, आणि जवळच्या ट्रॅक्टरवाल्याला पुढे नांगराचा पट्टा मारायला सांगा.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण आगीच्या जबाबदारीतून त्यामुळे सुटका होत नाही. आगीबाबतच्या निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गौताळा किंवा येडशीच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय उडवूच नका. गावात पोलीस पाटलांना आधी कळवा. 2024 मध्ये रात्रीच्या ड्रोनांमुळे बीड-जालन्याकडे जी घबराट पसरली होती, ती लोक विसरलेले नाहीत.

आग विझली तरी लगेच निघू नका. गायरानातलं वाळलेलं शेण आणि झुडपांची खोडं आतून तासन्‌तास धुमसत राहतात. काठीने उकरून, उलट्या हाताने ऊब तपासून प्रत्येकावर पाणी घाला, संध्याकाळी परत एक फेरी मारा. कुणाचा चारा जळला असेल तर स्वतःहून मालकाला गाठा, तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या आणि कडब्याची भरपाई द्या.