गुहागरच्या गणपतीपुढची फिकट निळी बोट

आईला व्याडेश्वराला अभिषेक करायचा होता, म्हणून आम्ही दोघी जानेवारीत गुहागरला जाऊन आलो. अभिषेक झाला, हेदवीचा दशभुज गणपती झाला, वेळणेश्वर झालं, दुपारच्या झोपा झाल्या. त्यावर आजवर पुष्कळांनी लिहिलंय, माझ्याकडे त्याहून वेगळं काही नाही. जाताना माणगावात दोन तास गाडी जागची हलली नाही. सत्तरी ओलांडलेली माझी आई तेवढा वेळ पाण्याचा घोटही घेईना, कारण वाटेत बाईमाणसाने जावं असं स्वच्छतागृह सापडत नाही. इतकी वर्षं हा रस्ता होतोय आणि एवढी साधी सोय कुणाला सुचत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

राहिलो ते बाजारपेठेपासून आत, वाडीतल्या एका घरी. काकूंनी मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. गादी पातळ, रात्री डास भरपूर, पण आंघोळीला चुलीवरचं पाणी आणि सकाळी तव्यावरून थेट ताटात पडणारं घावन. एवढं मिळत असताना मी गादीबद्दल तक्रार करणार नाही.

पहिल्याच सकाळी घावनाचा तुकडा चटणीत बुडवला आणि समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडे नजर गेली. कधीतरीच्या गणपतीचा फोटो. वर माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेल्या काकड्या, शहाळी, कवंडळं, खाली मूर्ती, आणि मूर्तीपुढे पितळी परातीत पाणी भरून त्यात एक छोटी बोट. बोटीचा रंग फिकट निळा. आकाशी नाही, शाळेच्या गणवेशाचा निळा नाही, थोडी राख मिसळल्यासारखा. तो रंग मी झोपेतही ओळखेन. घास तसाच ताटात ठेवून मी उठले.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. गेली पंधरा वर्षं मी लेगोचे, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळण्याचे, संच जमवते, आणि त्यातही विचित्र संच. सगळ्यांकडे असतात ते किल्ले आणि पोलीसगाड्या मला नकोत. कंपनीने काहीतरी करून पाहिलं आणि फसलं, किंवा दुसऱ्याच कंपनीच्या जाहिरातीसाठी काढलं, असे संच मला हवे असतात. उदाहरणार्थ १९९८ चा झ्नॅप. त्यात वीट नाहीच, नुसत्या जाळीदार वाकणाऱ्या पट्ट्या. संग्राहक त्याला नावं ठेवतात; मला विचाराल तर झ्नॅपचा पूल मुलांच्या खेळण्यांत दिसणाऱ्या सर्वांत देखण्या वस्तूंपैकी आहे. २००२ च्या गॅलिडोरबद्दल मात्र मी सगळ्यांच्या बाजूने आहे. हातपाय बदलता येणारी ती बाहुली हातात घेतली की ती कुठूनही लेगो वाटत नाही. फॅब्युलंडमधली प्राण्यांच्या तोंडाची माणसं १९७९ पासून दहा वर्षं निघत होती. त्यांना बालिश म्हणून हसणारेच आता ती शोधत फिरतात.

या विचित्र संचांत मर्स्कच्या संचांना वेगळा मान आहे. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी, लेगोही डेन्मार्कची. १९७४ मध्ये लेगोने मर्स्कसाठी एक कंटेनरचं जहाज काढलं, क्रमांक १६५०, आणि त्यासाठी कंपनीच्या जहाजांचा तो फिकट निळा रंग विटेत उतरवला. संग्राहक त्याला मर्स्क निळाच म्हणतात. पुढे ट्रक निघाले, २०१० मध्ये मोठं जहाज आलं, २०११ मध्ये आगगाडी. २०१४ मध्ये मात्र मर्स्कच्याच ट्रिपल-ई जातीच्या जहाजाचा दीड हजार तुकड्यांचा संच आला तेव्हा हा रंग सोडून दुसराच, झगझगीत निळा वापरला. आमच्या मंडळींत त्यावर अजून भांडणं होतात. मुलांना काय फरक पडतो, असं काही जण म्हणतात. मला पडतो. ज्या रंगासाठी तो संच जन्माला आला तोच रंग काढून घ्यायचा, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

तर तो रंग गुहागरच्या वाडीत, गणपतीपुढे.

"काका, ही बोट कुठली?"

"ती होय? ती आमच्या पोरीची. डब्यात हाय, बघायचीय का?"

काकूंनी कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा उतरवला. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली बोट. काका सत्याहत्तर साली बोटीवर गेले, इंजिनरूममध्ये, आणि शेवटी ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा, म्हणून रिटायर झाले. त्यांच्या जहाजावर एक सेकंड इंजिनीअर डेन्मार्कचा होता. काका साईन ऑफ करून घरी निघाले त्या दिवशी त्याने हे खोकं हातात ठेवलं आणि म्हणाला, तुझ्या मुलीला दे. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, तिने बापाला पुरतं ओळखलंही नव्हतं. काका सांगत होते, "बोट जोडायला दोघं खाली बसलो आणि मग ती माझ्याशी बोलायला लागली."

मी एक वीट काढून उलटी केली. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत पेटंट प्रलंबित असल्याचा जुना शिक्का, आजच्या विटांवर तो नसतो. पांढरे तुकडे तुपाच्या रंगाचे झालेले. कंटेनरवरच्या सातटोकी चांदणीच्या चिकटपट्ट्या कडेने सोलवटलेल्या, पण जागच्या जागी. माझ्या पर्समध्ये एक लाल वीट कायम असते, वर दोन बाय चार गुंड्या असलेली, गेल्या वर्षी विकत घेतलेल्या संचातली. ती त्या निळ्या विटेवर ठेवून अंगठ्याने दाबली. टक् झालं. हे होणार हे मला माहीत होतं, १९५८ च्या विटेवरही आजची वीट बसते. तरी गुहागरच्या पडवीत तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. काकांनी ती जोडी हातात घेतली, ओढून पाहिली, पुन्हा बसवली, पुन्हा ओढली. इंजिनरूममध्ये जन्म गेलेला माणूस. "फिटिंग बघा," एवढंच म्हणाले.

मग माझं लक्ष नाळीकडे गेलं. बोटीचं पुढचं टोक जरा वेगळं चमकत होतं. त्यावरून अंगठा फिरवला तर लाकूड! काकांच्या धाकट्या मुलाने लहानपणी नाळेचे तुकडे विहिरीत टाकले होते. काकूंचे भाऊ होड्या बांधायचे. त्यांनी फणसाच्या लाकडातून नेमकं तेवढं टोक घडवलं. वर पटाशीने आठ गुंड्या कोरल्या, प्रत्येक गुंडी पाच मिलिमीटरलाही जरा कमी, आणि खाली खोबणी केली, म्हणजे मागच्या विटेवर बसावं. निळ्या ऑइलपेंटमध्ये पांढरा कालवून तीनदा रंग दिला, तेव्हा कुठे जुळला. लाकूड विटेसारखं टक् करत नाही, पण घट्ट बसतं.

संग्राहकांचा नियम साफ आहे: परका तुकडा आला की संच बाद. मीही हा नियम वर्षानुवर्षं पाळत आलेय. नकली तुकडे घालून विकणाऱ्यांना मी जाहीरपणे सुनावलंय आणि पुढेही सुनावेन, कारण ती फसवणूक असते. पण ते फणसाचं टोक हातात धरून मी किती वेळ बसले होते ते आईला विचारा. माझ्याकडे २०१० च्या जहाजातल्या जास्तीच्या विटा आहेत, बरोब्बर त्याच निळ्याच्या. मी काकूंना म्हटलं, पाठवून देते, नाळ मुळासारखी होईल.

"नको गो," काकू म्हणाल्या. "भावाच्या हातचं हाय ते. तो गेला आता."

मी विषय वाढवला नाही.

संध्याकाळी काकांबरोबर किनाऱ्यावर गेले. गुहागरचा किनारा सहा किलोमीटर सरळ जातो, सुरूच्या बनाला लागून. गणपतीपुळ्याची गर्दी ज्यांनी सोसली आहे त्यांना इथे आल्यावर श्वास मोकळा झाल्यासारखं वाटेल. भरतीच्या रेषेवर जाळ्यांचे तुकडे, एकेकटी चप्पल, थर्माकोल. मला ती रेषा न्याहाळत चालायची सवय आहे, आणि काकांनी कारण विचारलं तेव्हा त्यांना टोकियो एक्सप्रेसची गोष्ट सांगितली. १३ फेब्रुवारी १९९७ ला रॉटरडॅमहून न्यूयॉर्कला निघालेलं हे जहाज इंग्लंडच्या लँड्स एंडजवळ प्रचंड लाटेत सापडलं आणि ६२ कंटेनर समुद्रात गेले. त्यातल्या एकात लेगोचे जवळजवळ ४८ लाख तुकडे होते. योगायोग असा की त्यांत समुद्राचंच सामान जास्त: पाणबुड्यांच्या पायात घालायचे पंखे, जीवरक्षक जाकिटं, ४,२०० ऑक्टोपस. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ते अजून सापडतात. काळा ऑक्टोपस मिळाला की लोक तो दिवस लिहून ठेवतात. संग्राहकांत कुणी त्याला सर्वांत दुर्मीळ 'संच' म्हणतं. मला ते बोलणं आवडत नाही, तो समुद्रात पडलेला कचराच आहे. प्लास्टिक इतकं टिकतं ही गोष्ट गणपतीपुढच्या परातीत मला सुखावते आणि वाळूत दिसली की टोचते.

काकांनी ऑक्टोपसबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "लॅशिंग तुटलं असणार. माणसं सगळी वाचली ना?" मग कंटेनर बांधून ठेवायला लोखंडी सळ्या कशा तिरक्या लावतात, त्या ताणणारा टर्नबकल कसा आवळतात, आणि थंडीत अटलांटिकमध्ये जहाज आडवं झुकलं की खाली इंजिनरूममध्ये कसं कळतं, हे त्यांनी वाळूत काठीने रेघा ओढून समजावलं. पंधरा वर्षं मी कंटेनर जहाजांचे संच जोडतेय. कंटेनर कशाने धरून ठेवलेला असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तवसाळला फेरीबोटीत गाडी घातली, जयगडला उतरलो, परत आलो. आईला फेरी फार आवडली.

निघायच्या आदल्या रात्री एक गोष्ट कळली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. मी सहज विचारलं, याचं खोकं होतं का? होतं. सूचनांची घडीही होती. तीन वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून आलेल्या एका संग्राहकाने दोन्ही पाचशे रुपयांना नेलं. म्हणाला, घडीची झेरॉक्स काढून पाठवतो. आली नाही. बोटही मागत होता, पण लाकडाची नाळ दिसल्यावर म्हणाला, याला किंमत नाही. काकूंच्या तोंडावर म्हणाला. १९७४ च्या त्या खोक्याचं मोल त्याला नक्की माहीत होतं, म्हणून तर त्याने नेलं. भाकरी वाढणाऱ्या घरात बसून असं करणाऱ्याला मी संग्राहक म्हणायला तयार नाही. २०१७ मध्ये लेगोने ताजमहालचा जुना संच पुन्हा बाजारात आणला, तेव्हा न उघडलेली खोकी साठवून बसलेले लोक चिडले होते. मला तेव्हाही त्यांच्याबद्दल काही वाटलं नव्हतं. मुलांच्या खेळण्याला शेअर समजणाऱ्यांची चीड मला तेव्हापासूनची.

निघताना लाल वीट मी डब्यात ठेवली. काका म्हणाले, राहू दे, या गणपतीला बोटीवर लावू.

आता हे वाचणाऱ्यांपैकी जे कुणी असे संच घेतात-विकतात, त्यांच्याकडे एक मागणं आहे. १६५० क्रमांकाच्या जहाजाचं रिकामं खोकं कुठे विक्रीला दिसलं, तर झाकण उघडून आतली बाजू बघा. तिथे निळ्या बॉलपेनने, काकूंच्या ठसठशीत अक्षरात, 'शाळेत नेऊ नये' असं लिहिलेलं आहे. दिसलं तर मला कळवा. मागतील ती किंमत मी देईन. ते खोकं गुहागरला परत जायला हवं.