तुम्ही विचारलंत म्हणून: 'जीवनपद्धती' आहे की नाही?

कोर्टाच्या बातम्या करणारा म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही एक प्रश्न ठरलेला, 'अहो, हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे असं सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय ना?' विचारणाऱ्याला हवं ते उत्तर आधीच ठरलेलं असतं, चेहऱ्यावर दिसतं.

तर हो, म्हणालंय, ११ डिसेंबर १९९५ ला, न्या. जे. एस. वर्मांच्या बेंचने. पण केस कसली होती ते कुणी विचारत नाही. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, डॉ. रमेश प्रभू जिंकले, त्यांच्या प्रचारात बाळासाहेब ठाकरेंनी धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून हरलेले प्रभाकर कुंटे कोर्टात गेले, हायकोर्टाने निवडणूक रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं! म्हणजे जे वाक्य लोक छाती काढून सांगतात ते ज्या निकालात आहे त्यात प्रभू हरलेत, आणि पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला.

हे ऐकून दुसऱ्या बाजूचे खुश होतात. मग त्यांना त्याच दिवशीचा मनोहर जोशींचा निकाल सांगावा लागतो. 'पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात येईल' हे वाक्य कितीही निंद्य असलं तरी ती फार तर आशा झाली, धर्मावर मत मागणं नव्हे, असं म्हणून जोशींची आमदारकी वाचली. मला हे जरा जास्तच उदार वाटतं, प्रचारसभेत पुढारी आशा कशासाठी व्यक्त करतो हो?

२०१७ मध्ये सात जजांनी ४-३ ने ठरवलं की उमेदवाराच्याच नाही, मतदाराच्या धर्मावरही मत मागायचं नाही. हिंदुत्वाच्या व्याख्येला हात लावला नाही, त्यामुळे मला प्रश्न येतच राहणार.

आणि समोरच्याला वेळ असेल तर १९६६ चं सांगतो, कारण ही 'जीवनपद्धती' वर्मांच्या बेंचने तिथूनच उचललीय. स्वामीनारायण पंथातले काही सत्संगी म्हणत होते, आम्ही हिंदूच नाही, सबब दलितांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी टिळकांनी केलेली हिंदू धर्माची व्याख्या पुढे ठेवली, वेदांवर श्रद्धा, मार्ग अनेक, देव अनेक, आणि सांगितलं की तुम्ही हिंदूच आहात, दलितांना आत येऊ द्या.