कढीलिंबावरची ती 'विष्ठा' पुसू नका

आज सकाळी कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. ती फुलपाखराची अळी आहे! मोठी झाली की हिरवीगार होते, डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते. औषध मारू नका. बोगनवेल कितीही फुलली तरी या अळीला तिचं पान चालत नाही, तिला कढीलिंब, लिंबू, बेल असंच झाड लागतं. मोठं झाड आठ-दहा अळ्या सहज सोसतं आणि पुन्हा फुटतं. हातभर रोपाची मात्र एकच अळी काडी करते, म्हणून तिला पानासकट उचलून मोठ्या झाडावर ठेवा.

घरी झाड नसेल तर बी लावा. काळं पिकलेलं फळ घ्या, गर धुऊन काढा आणि दोन-चार दिवसांतच अर्धा इंच खोल पेरा. वाळवून ठेवलेलं बी रुजत नाही, बहुतेकांचं इथेच चुकतं. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. कुंडीला भोक हवंच, पाणी साचलं की मुळं कुजतात. पुढे शेंडे खुडत राहा, झाड डेरेदार होतं.

आणि हो, चार पानं अळीसाठी ठेवूनच फोडणीला तोडा.