आधी गाडी मागे ढकलून बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर न विचारता सल्ला देणाऱ्यांची पुण्यात टंचाई नाही. प्रश्न ठरलेला असतो: "रोज ऑफिसला जायला बाईक घ्यायचीय, बजेट लाख-सव्वा लाख, कोणती घेऊ?" ऑफिसात विचारतात, सोसायटीच्या गेटवर विचारतात, मागे एका लग्नात मठ्ठा वाढणाऱ्यानं विचारलं. मी मेकॅनिक नाही. धायरी ते शिवाजीनगर, १९ वर्षं, तीन गाड्या, एवढीच माझी पात्रता. त्यातली मधली गाडी चुकली, आणि मला जे काही कळतं ते तिच्यामुळेच.

ती घेतली तेव्हा नुकतं प्रमोशन झालं होतं. आधीची १०० सीसीची बिचारी उत्तम चालत होती, पण सिग्नल सुटला की शेजारची कॉलेजची पोरं भुर्रकन निघून जायची, ते खुपायला लागलं होतं. म्हणून दीडशेच्या वरची, रुंद टाकीची, दिसायला दांडगी गाडी घेतली. रविवारी खडकवासल्याला जाताना काय मजा यायची! पण रविवार आठवड्यातून एकदाच येतो. बाकीचे दिवस सिंहगड रोड. एकदा माणिकबागेपासून राजाराम पुलापर्यंत क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतलं. नव्वदच्या पुढे कंटाळून सोडून दिलं. त्यात क्लच कडक. सहा महिन्यांत डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणकायला लागलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना.

खरी फजिती झाली पार्किंगमध्ये. आमच्या ऑफिसखाली गाड्या भिंतीकडे तोंड करून लावतात आणि फरशीला उतारही भिंतीकडेच. म्हणजे संध्याकाळी निघताना गाडी चढावर मागे ओढायची, तीही दोन्हीकडच्या हँडलांमधून अंग चोरून. पावसाळ्याचे दिवस, फरशी ओली, बुटाचे तळवे झिजलेले. गाडी ढिम्म हलेना. जोर लावला तशी ती पलीकडे कलली आणि एकामागून एक चार गाड्या आडव्या झाल्या. वॉचमन काही बोलला नाही. नुसता बघत राहिला, ते जास्त लागलं.

तेव्हापासून मी सांगतो, शोरूममध्ये टॉप स्पीड विचारू नका. गाडी न्यूट्रलला टाका, सीटवर बसा आणि पायांनी मागे ढकलून बघा. मग उतरा, हँडल धरून पुन्हा ढकला. तिथली फरशी सपाट आणि चकचकीत असते. तिथं जड गेली तर तुमच्या पार्किंगमध्ये रडवणार. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास, शाईन १२५ जवळपास तेवढीच, रेडर १२३, युनिकॉर्न आणि पल्सर १२५ साधारण १४० च्या घरात. स्प्लेंडर आणि युनिकॉर्नमधला फरक म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं. चालत्या गाडीत ते जाणवत नाही. थांबलेल्या गाडीत जाणवतं, आणि शहरातली गाडी निम्मा वेळ थांबलेलीच असते.

सीसीचं म्हणाल तर रोजच्या कामाला माझं मत १२५. १०० ची गाडी एकट्याला पुरते. स्प्लेंडर १९९४ पासून उगाच विकली जात नाहीये. पण मागे बायको, तिच्या मांडीवर मंडईची पिशवी आणि समोर उड्डाणपुलाचा चढ, असं झालं की गाडीला खालच्या गिअरवर आणून रडत-कढत चढवावं लागतं. स्प्लेंडरचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, ८ न्यूटन-मीटर, शाईनचा ११ च्या जवळ. म्हणजे वजन होतं तेवढंच राहून ओढ मात्र तिसऱ्या हिश्श्यानं वाढली. युनिकॉर्नला साडेचौदा मिळतो, पण तो सिमेंटच्या अर्ध्या पोत्यासकट. दर शनिवारी साताऱ्याला गावी जात असाल तर गोष्ट वेगळी, खंबाटकी चढताना त्या १६० सीसीचे पैसे वसूल होतील.

टेस्ट राइडला सेल्समन म्हणतो, "पळवून बघा सर." पळवू नका. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी २५ च्या वेगावर आणा आणि हळूच रेस द्या. डचके देत असेल, टाकी मांड्यांमध्ये थरथरत असेल, तर रोज चौकाचौकात गिअर पाडत बसाल. मुकाट ओढली तर अर्धं काम झालं. मग हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, पायी चालणाऱ्याच्या वेगानं पंचवीस-तीस पावलं न्या. सेल्समनला वाटेल तुम्हाला चालवता येत नाही. वाटू दे.

यानंतर हमखास येतो अ‍ॅव्हरेजचा प्रश्न. माझा हिशेब सांगतो. रोजचे २५ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ६२५ किलोमीटर. लिटरला ५० देणारी गाडी साडेबारा लिटर पिते, ६० देणारी साधारण साडेदहा. फरक दोन लिटरचा, लिटरला १०४ रुपये धरले तर सव्वादोनशेच्या आतच. सव्वादोनशे कमी नाहीत, मान्य. पण टायरमध्ये हवा कमी आणि चेन कोरडी ठेवणारा माणूस त्यातले बरेच पैसे तसेही धुरात घालवतो, आणि अ‍ॅव्हरेजवरून सर्वांत जास्त वाद घालणारे आमच्या ऑफिसातले दोघं नेमके तसलेच आहेत.

पैसाच वाचवायचा असेल तर बजाजची सीएनजीवाली फ्रीडम २०२४ पासून बाजारात आहे. सीटखाली २ किलोची सीएनजी टाकी, शिवाय २ लिटर पेट्रोल. मोह मलाही झाला होता. पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर, शाईनची ७९१ वर, आणि मी पाच फूट चार इंच. बसून बघितलं तर एकाच पायाचा चवडा जेमतेम टेकला. तुम्ही उंच असाल आणि घराजवळच्या पंपावर रिक्षांची रांग नसेल तर जरूर विचार करा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर नको. १२५ च्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीची आहे; १२५ मध्ये बहुतेक वेळा सीबीएस मिळतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडे पैसे वाचतात म्हणून पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक घेणारे लोक असतात. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलाचा तवंग येतो तेव्हा त्यांनी माझ्या मागे नसावं एवढीच इच्छा आहे. ब्लूटूथ, रंगीत स्क्रीन वगैरे तुमची हौस.

बिलाचा कागद नीट वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो किमतीत दिसतो. पण ऑन-रोड किमतीत 'हँडलिंग' नावाची एक ओळ असते. मी विचारलं, "काय हँडल केलंत?" तो हसला आणि ती ओळ खोडली. इन्शुरन्सही त्यांच्याकडूनच घ्यायला पाहिजे असं नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी ५ वर्षांचा लागतोच; तो बाहेर किती पडतो ते आधी विचारून जा.

आणि मागे जी व्यक्ती बसणार आहे तिला बरोबर न्या. तिसऱ्या गाडीच्या वेळी मी हिला नेलं. एका स्पोर्टी गाडीवर ही बसली आणि सीटच्या उतारामुळे घसरत माझ्या पाठीवर आली. "मी काय रोज तुझ्या दप्तरासारखी लटकून येऊ?" दुसरीची चेन उघडी; पावसाळ्यात साडीच्या काठाचं काय होतं ते हिला माहीत आहे. तिसरी पूर्ण चेन-कव्हरची, लांब सपाट सीटची १२५. हिनं पाच मिनिटं एकाच बाजूला पाय सोडून बसून घेतलं, उतरली, मग स्वतःच हँडल धरून गाडी फूटभर मागे ढकलली.

"ही येते," म्हणाली.

रंगही हिनंच निवडला, मरून. मला निळा हवा होता.