कसलं गवत काढायचंय?

गेल्या जूनमध्ये दुकानातून एक खुरपं आणलं. हिरवा रंग, प्लॅस्टिकची मूठ, हाताला हलकं. तिसऱ्याच दिवशी लव्हाळ्याच्या बुडाशी घालून जरा दाब दिला, तर पातं मानेपाशी वाकलं. हातानं सरळ केलं, परत वाकलं. पत्रा कापून रंगवलेला होता तो. मला फार राग आला. कडेगावकडे आमच्या रानात आईशेजारी पात धरून मी भांगलण, म्हणजे खुरप्यानं तण काढणं, शिकले, आणि आमच्या घरी असलं खुरपं कुणी दारात ठेवून घेतलं नसतं.

मग सासवडच्या रस्त्याला पाल टाकून बसलेल्या घिसाडी लोहारांकडे गेले. नवरा सांडशीत लाल पट्टी धरून बसला होता आणि बायको उभ्यानं घण मारत होती. समोर गोणपाटावर खुरपी मांडलेली. मी एक उचललं, तशी तिनं घण खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, कसलं गवत काढायचंय?"

दुकानात हे कुणीच विचारलं नव्हतं. आणि खुरपं निवडताना पहिला प्रश्न हाच असतो.

आमच्या परसात तीन गुंठ्यांत लव्हाळा आहे, हरळी आहे आणि पाऊस पडला की केना. लव्हाळा वरून कापून काहीच होत नाही. खाली शेंगदाण्याएवढ्या काळ्या गाठी असतात, बारीक दोऱ्यानं एकीला एक जोडलेल्या. वरचा ठोंब उपटला आणि दोरा तुटला, की खाली झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एका रोपाच्या जागी चार उगवतात. म्हणून त्याला दोन बोटं रुंदीचं, टोकाला निमुळतं आणि लांब मानेचं खुरपं लागतं. रोपाला लागून उभं घालायचं, ढेकूळ सगळं उचलायचं आणि हातानं चाळून गाठी वेचायच्या. हरळीच्या कांड्यांनाही हेच खुरपं चालतं.

केन्याचं उलट आहे. तो वरवर पसरतो, तेव्हा चार बोटं रुंद पातं जमिनीला आडवं ठेवून अर्धा इंच मातीखालून ओढलं की मुळं सुटतात. फक्त काढलेला केना वाफ्यात टाकून ठेवू नका, ओल मिळाली की पेरापेराला मुळ्या फुटतात. तणात घोळ सापडली तर ती मी वेगळी काढते, मुगाची डाळ घालून भाजी होते. गाजर गवताला मात्र मी खुरपं लावतच नाही. १९५५ मध्ये पुण्यात नोंद झालेलं हे गवत आता प्रत्येक बांधावर आहे, आणि त्यानं अंगाला खाज सुटते. फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटायचं.

तर मी दोन खुरपी घेतली. ट्रकच्या कमानीच्या पाट्याची, बाभळीच्या मुठीची. पात्याची शेपटी तापवून मुठीत जाळत बसवलेली आणि तोंडाला लोखंडी कडं, म्हणजे मूठ फुटत नाही. नखानं टिचकी मारली तर पातं खणखणलं. त्या बाईनं कानस दिली, "घासून बघा." कानस लोण्यासारखी शिरली तर लोखंड मऊ, नुसती घसरली तर पाणी जास्त बसलंय, म्हणजे तापवून विझवताना पातं फार कडक झालंय, आणि दगडावर कपची उडणार. माझ्या हातात ती जरा अडत, बारीक कीस काढत चालली. तसंच हवं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची मान. मी तिथेच रस्त्याकडेला उकिडवी बसले आणि काम करते तसं खुरपं मातीवर टेकवलं. मनगट सरळ असताना पात्याची धार जमिनीला पूर्ण टेकली पाहिजे. नुसतं टोक टेकत असेल तर दिवसभर मनगट वाकवून काम करावं लागतं आणि रात्री भाकरी थापता येत नाही. या दोनपैकी पहिल्या खुरप्याची मान माझ्या हाताला उभी होती. त्यांनी ते परत भट्टीत घातलं, दोन ठोके देऊन वाकवलं, पुन्हा पाणी दिलं. दहा मिनिटांचं काम, त्याचे जास्तीचे पैसे घ्यायला तयार नव्हते. मी दिले.

माझ्या वहिनी डावखुऱ्या आहेत. आमच्या घरातलं प्रत्येक खुरपं त्यांच्या हातात आडवं जायचं, कारण पात्याचा बाक आणि धार उजव्या हाताच्या बेतानं असते. वीस वर्षं त्या तशाच भांगलत आल्या. मी लोहाराला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांनाच घेऊन या, हात बघून करतो."

काल रात्री पाऊस झाला. आज माती खुरप्याला चिकटतेय, पाय घातला की चिखल होतोय. दोन दिवस ऊन पडलं तर शनिवारपर्यंत वाफसा येईल, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईल. दोन्ही खुरपी धुऊन, करडईच्या तेलाचं बोट फिरवून न्हाणीच्या भिंतीला अडकवली आहेत. उद्या सकाळी वहिनींना घेऊन सासवडला जायचं आहे.