पेन्सिल आत गेली की भोक बुजवायचं

आजोबांच्या जुन्या घरात राहायला आलो, त्याच्या तिसऱ्या रात्री माळ्यावर खरखर सुरू झाली. आई म्हणाली, "वारा असेल." सकाळी धान्याच्या पिशवीचा कोपरा कुरतडलेला आणि शेजारी बारीक काळ्या लेंड्या.

मी घाईघाईने विष ठेवलं, ती माझी चूक. ते रक्त गोठू देत नाही, पण उंदीर मरायला काही दिवस लागतात आणि तोवर तो कुठेतरी आत शिरलेला असतो. आमच्याकडचा लाकडी तक्तपोशीमागे मेला. दोन आठवडे त्या खोलीत बसवत नव्हतं. मागच्या झाडावर घुबडाची जोडी राहते. विष खाल्लेला उंदीर त्यांनी उचलला असता तर? हे आधी मनात आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. पुन्हा विष आणलं नाही.

मग सापळे. सुरुवातीला खोलीच्या मध्यावर ठेवले, ते तसेच राहिले. उंदीर मोकळ्यातून फारसा जात नाही, मिशांनी भिंत चाचपत कडेकडेने पळतो. आमिषाची बाजू भिंतीला टेकवून सापळे आडवे लावले, कुटलेल्या शेंगदाण्याचा वाटाण्याएवढा गोळा चिकटवला, आणि आठवड्यात नऊ उंदीर सापडले. तरी खरखर थांबेना. उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं देते, ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत वयात येतात. वाट उघडी असताना सापळे कितीही लावले तरी पुरणार नव्हते.

म्हणून ती वाट शोधायला बसलो. रात्री भिंतीच्या कडेने टाल्कम पावडर पसरली. सकाळी तिच्यावर इवल्या पावलांची ओळ उमटलेली, सरळ मोरीकडे गेलेली. घरातला छोटा उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतूनही आत येतो, म्हणजे पेन्सिल शिरेल एवढी जागा त्याला पुरते. टॉर्च आणि पेन्सिल घेऊन मी घराला फेरी मारली. पाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे, तुळई भिंतीवर टेकते तिथे, खिडकीच्या चौकटीखाली, अशी एकूण अकरा भोकं निघाली. आधी फोम भरला होता, तो त्यांनी दोन रात्रींत पोखरला. मग तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट लिंपलं. ते अजून टिकून आहे. सापळे मात्र तेव्हाही चालूच ठेवले, कारण काही उंदीर आतच राहिले होते.

लेंड्या कोरड्या कधीही झाडू नका, धुळीबरोबर रोगजंतू श्वासात जातात. हातमोजे घालून, ब्लीचचं पाणी शिंपडून, पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि मग पुसायचं. आईला हे पटायला वेळ लागला. आता तीच मला आठवण करते.

गेल्या तीन आठवड्यांत पावडरीवर एकही पाऊल नाही. मागच्या दाराखालची फट तेवढी उरली आहे, तिला पत्रा ठोकायला उद्या सुतार येणार आहे.