कारणाच्या रकान्यातला दोन

भोसरीत माझं महा ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, पॅन कार्ड, सातबारा ही रोजची कामं. पण एमआयडीसी हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पीएफ आणि ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) कागद घेऊन येणारे कामगारही पुष्कळ. २०२० च्या लॉकडाऊननंतर तर त्यांची रांगच लागायची. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या एका दादांचं प्रकरण माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

दादा परभणीकडचे, वय चाळिशीच्या आसपास. प्लास्टिकचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सात वर्षं मोल्डिंग मशीन चालवत होते, मात्र कंत्राटदारामार्फत. कारखाना जूनमध्ये अर्ध्या माणसांवर पुन्हा सुरू झाला. यांना व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सुपरवायझरचा मेसेज आला, "पुढचं कळवेपर्यंत खालील लोकांनी कामावर येऊ नये," आणि खाली नावं. चार दिवसांनी ग्रुपमधूनही काढून टाकलं. ना पत्र, ना नोटीस, ना हिशेब. पीएफचा कोविड अॅडव्हान्स त्यांनी आधीच उचलला होता. खात्यातल्या शिलकेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, यातलं जे कमी ते मिळायचं. ते पैसे खोलीचं भाडं आणि गावी जाऊन परत येण्यात संपले होते.

"ताई, सरकार अर्धा पगार देतंय म्हणतात, खरं आहे का?" त्यांनी विचारलं.

खरं होतं, पण ऐकीव गोष्टीत आणि नियमात फरक होता. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना ईएसआयसीने १ जुलै २०१८ ला सुरू केली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळायची. लॉकडाऊनमुळे २४ मार्च २०२० पासून ती ५० टक्के झाली. अर्ज मालकाकडून पाठवायची अट गेली आणि तो थेट शाखा कार्यालयात देता येऊ लागला. पण सरासरी काढताना मागच्या चार अंशदान कालावधींची (अंशदान म्हणजे विम्याचा हप्ता), म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात. सुट्टीचा, खाड्याचा, कंत्राटदाराने 'ब्रेक' दिला, म्हणजे मधेच काम थांबवून बसवलं, त्या महिन्याचा प्रत्येक दिवस त्या ७३० मध्ये धरलेला असतो. महिना बारा हजार अखंड मिळाले असते तरी दिवसाचे १९७ रुपये आणि तीन महिन्यांचे मिळून पावणेअठरा हजार झाले असते. दादांना मधे दोन ब्रेक दिलेले होते, त्यामुळे त्याहून कमी.

मी आकडा सांगितला. त्यांनी तिथेच बोटांवर मोजलं. भाड्याची थकबाकी, पोरीच्या ऑनलाइन शाळेसाठी मोबाइलचा रिचार्ज, गावाकडे आईला पाठवायचे. "पुरतंय," ते म्हणाले. मला ते पुरेल असं वाटत नव्हतं, पण मी गप्प राहिले.

अर्ज भरला. आधार, बँकेचं पासबुक आणि स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. फॉर्मवर वीस रुपयांचा स्टॅम्प लिहिलेला, आमच्याकडे मिळायचा शंभरचा. वर नोटरीचे वेगळे. कमाई बंद असलेल्या माणसाने आपण बेकार आहोत हे सांगायला आधी खिशातून पैसे काढायचे, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पुढे नोव्हेंबरात ती अट निघाली, पण तोपर्यंत कित्येकांनी ते पैसे भरलेले होते.

काही दिवसांनी शाखा कार्यालयातून दादांना फोन आला. तुमच्या मालकाने रिटर्नमध्ये कारण दोन दाखवलंय, त्याचा खुलासा आणा.

ही भानगड जरा उलगडून सांगायला हवी, कारण कामगारांना ती कुणीच सांगत नाही. कंत्राटदार दर महिन्याला ईएसआयसीचं रिटर्न ऑनलाइन भरतो. ज्या कामगाराचे दिवस शून्य, त्याच्यापुढे कारणाचा क्रमांक निवडावा लागतो. १ म्हणजे रजेवर. २ म्हणजे नोकरी सोडली. १० म्हणजे कामगार कपात. ११ म्हणजे काम नाही. योजनेचा नियम असा, की गैरवर्तनामुळे काढलेला, निवृत्त झालेला किंवा स्वेच्छेने बाहेर पडलेला माणूस या भत्त्याला पात्र नाही. दादांसमोर २ पडला होता. कागदावर त्यांनी आपल्या पायांनी नोकरी सोडली होती.

ते कंत्राटदाराच्या ऑफिसात जाऊन आले. दारातूनच 'नंतर या' सांगून परत पाठवलं. मग एका शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्यासोबत गेले. हे माझं काम नव्हतं, पण तो दोनचा आकडा मला स्वस्थ बसू देत नव्हता.

पत्र्याच्या शेडवर पोटमाळा, तिथे ऑफिस. कॉम्प्युटरवर एक तरुण अकाउंटंट होता, सरळ बोलणारा. त्याने यादी उघडून दाखवली. जूनमध्ये कमी केलेल्या सगळ्यांसमोर दोनच होता.

"सगळ्यांचं दोन कसं काय?" मी विचारलं. "एवढे लोक एकाच महिन्यात नोकरी सोडून गेले?"

"ताई, आम्ही नेहमी दोनच टाकतो. दहा टाकलं तर नोटीस, भरपाई, सगळं मागे लागतं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "कसली भरपाई?"

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५ फ तेव्हा लागू होतं. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. मी त्यांना तिथेच सांगितलं. सात वर्षं म्हणजे १०५ दिवसांचा पगार. नव्वद दिवसांच्या ज्या अर्ध्या पगारासाठी आम्ही तो जिना चढलो होतो, त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम त्या एका आकड्याने पुसली होती. अकाउंटंट खाली मान घालून कीबोर्डकडे बघत राहिला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्यालाही पगार पंधराच हजार असेल.

तेवढ्यात मालक, म्हणजे खुद्द कंत्राटदार, आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. भरलेलं रिटर्न आता बदलता येणार नाही, पण पत्र देतो म्हणाले. पत्र टाइप झालं. सोबत आणखी एक कागद आला: 'माझा सर्व हिशेब मिळाला असून काहीही येणे बाकी नाही.' खाली दादांच्या सहीची जागा. पत्र हवं तर ही सही.

मी दादांना हळूच म्हटलं, यावर सही केलीत तर उद्या काहीच मागता येणार नाही. ते बराच वेळ तो कागद वाचत राहिले. आठवीपर्यंत शिकलेले, पण प्रत्येक ओळ वाचली. मग खिशातून फोन काढला, सुपरवायझरच्या मेसेजचा जपून ठेवलेला स्क्रीनशॉट उघडला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, हे मी प्रतिज्ञापत्राला जोडणार आहे. तुमचं पत्र मिळालं तर बरं, नाहीतर हे आहेच. सही मात्र करत नाही. दोन वर्षांचा बोनस बाकी आहे माझा."

आवाज चढवला नाही, विनवणीही केली नाही. मालकांनी तो दुसरा कागद उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि पत्रावर शिक्का मारला. 'लॉकडाऊनमुळे काम उपलब्ध नसल्याने सदर कामगारास जून २०२० पासून कमी करण्यात आले आहे.' कपात हा शब्द त्यात नव्हता, पण योजनेसाठी एवढं पुरेसं होतं.

खाली रस्त्यावर आल्यावर मी भरपाईचा विषय पुन्हा काढला. कामगार आयुक्तालयात अर्ज करता येईल, मी लिहून देते. ते म्हणाले, "ताई, या भागातले निम्मे कंत्राटदार एकमेकांच्या ओळखीचे. परत काम लागायचं तर ह्यांच्यातल्याच कुणाकडे. आत्ता नको." मी तो अर्ज तरीही लिहून ठेवला. कधी द्यायचा ते त्यांनी ठरवायचं. त्यांचा निर्णय मला समजतो. पण माणसाला हक्काचा पैसा मागण्याआधी असा विचार करावा लागतो, याचा संताप अजूनही तेवढाच आहे.

पत्र जोडल्यावर दावा पुढे सरकला. पंधरा दिवसांत निकाल लागेल असं योजनेत म्हटलेलं होतं. नोव्हेंबर गेला, दिवाळी गेली. दादा आठवड्याच्या बाजारात चुलत भावाच्या गाड्यावर भाजी विकायला उभे राहत आणि परतताना दुकानात डोकावत. एकाच गोष्टीचा आधार होता. ऑक्टोबर ते मार्चचं अंशदान भरलेलं असल्यामुळे जुलै ते डिसेंबर ईएसआयचे उपचार चालू होते आणि वहिनींच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळत होत्या.

डिसेंबरअखेर कळलं की पैसे पाठवलेले होते आणि ते परत गेले. दादांचं खातं देना बँकेचं. ती १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली होती आणि शाखा जोडल्या जाताना खातेक्रमांक आणि आयएफएससी दोन्ही बदलले. विमा खात्यात अजून जुनाच क्रमांक होता. बँकेतून नवं पासबुक घेतलं, तपशील बदलण्याचा अर्ज दिला, पुन्हा वाट पाहिली. जानेवारीत सोळा हजारांच्या थोडी वर रक्कम जमा झाली. त्यांनी मेसेज दाखवला आणि पहिलं काय केलं असेल तर घरमालकाला फोन.

प्रशिक्षणाचं मात्र जमलं नाही. त्याच महिन्यात, १५ जानेवारी २०२१ ला, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा तिसरा टप्पा सुरू झाला. दादांना सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, शिकायचं होतं. मोल्डिंगवाल्याला बारा मिळतात, सीएनसीवाल्याला सोळा-अठरा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. वयाची मर्यादा ४५, म्हणजे ते बसत होते. पण चौकशी केली त्या केंद्रात वर्ग दिवसा, आणि शिकण्याच्या काळात घर चालवायला काही नाही. भत्ता तर एकदाच मिळतो आणि तो मागच्या थकबाकीत गेला होता. ईएसआयसीचीच दुसरी एक योजना आहे, २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. तिच्यात दोन वर्षांपर्यंत भत्ता आणि सोबत व्यवसाय प्रशिक्षणाचा खर्च, दोन्ही आहे. पण ती कारखाना बंद पडला, कायद्याने कपात झाली किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. पुन्हा तोच रकाना. कपात कागदावर नाही, म्हणून तेही दार बंद. मला या सगळ्या व्यवस्थेतलं हेच सर्वांत अन्यायाचं वाटतं. कामगाराची नोकरी कशी गेली हे लिहिण्याचा अधिकार ज्याने काढलं त्याच्याच हातात असतो, आणि कामगाराला ते महिनोन्‌महिने कळतही नाही.

दादांचे पैसे आल्याची बातमी पसरली आणि त्या यादीतले बाकीचे कामगार एकेक करून यायला लागले. शाखेत दादांच्या पत्राची प्रत दाखवता येत होती, मालकांनीही मग मागितलेल्यांना तसंच पत्र दिलं. बऱ्याच जणांचे दावे सुटले.

पॅकिंगमधल्या एका ताईंचा अडकला. नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचं अंशदान हवं, त्यांचे भरत होते ६१. मी म्हटलं, दिवस कमी पडतायत. त्या ठामपणे म्हणाल्या, "मी एक दिवस घरी बसले नाही. ब्रेक दिला तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या कंपनीत जात होते, तिथंही ईएसआय कापत होते." पगाराची चिठ्ठी त्यांनी डब्याच्या पिशवीतून काढली. विमा क्रमांक वेगळा होता. दुसऱ्या कंत्राटदाराने जुना क्रमांक न विचारता नवाच काढून दिला होता. दोन्ही मिळून ८३ दिवस भरत होते.

आधार, दोन्ही क्रमांक, दोन्हीकडच्या चिठ्ठ्या आणि दोन क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज, असं सगळं त्याच संध्याकाळी तयार केलं. पोच घेतल्याशिवाय कागद खिडकीत सोडायचा नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. सोमवारी त्या पोच घेऊन आल्या, तारखेच्या शिक्क्यासह, आणि तिची झेरॉक्स मी दुकानाच्या फाइलला लावली.